सागरेश्वरच्या कुंपणालगतचे रान

सागरेश्वर अभयारण्याच्या तारेपासून माझ्या मामांचे हरभऱ्याचे रान जेमतेम दोनशे पावलांवर आहे. गेल्या पौषात एका सकाळी तिथे गेलो, तेव्हा घाटे धरू लागलेल्या पिकाचे शेंडे कुणी विळ्याने कापावेत तसे एका उंचीवर खुडलेले होते आणि आदल्या रात्री पाणी पाजलेल्या वाफ्यात चितळांच्या खुरांचे ठसे स्पष्ट उमटले होते. ओघळाच्या तोंडाशी पावसाने माती वाहून नेल्यामुळे तारेखाली हातभर फट पडली आहे. तिथे तारेच्या गाठीला तांबूस केसांचा एक पुंजका अडकलेला दिसला. मामा तो पुंजका बोटांनी चोळत म्हणाले, "डोंगुर आमीच राखला, आता त्याची हरणंबी आमीच राखायची." त्यांच्या बोलण्यात राग होता, पण तक्रारीपेक्षा हिशेब अधिक होता, आणि तो हिशेब मला बरोबर वाटतो.

सांगली जिल्ह्याबाहेरच्या मित्रांसाठी थोडे सांगतो. सागरेश्वर हे मुळात दाट असलेले आणि मग सरकारने राखून ठेवलेले जंगल नव्हे. तो उघडाबोडका, चरून आणि तोडून संपलेला डोंगर होता. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, आसपासच्या गावांना कामाला लावले, सरकारदरबारी चिकाटीने पाठपुरावा केला, डोंगरावर झाडे उभी राहिली, हरणे बाहेरून आणून सोडली गेली आणि 1985 मध्ये या 10.87 चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मामा तरुणपणी त्या डोंगरावर रोपांसाठी खड्डे काढायला जात असत. मुरूम इतका कठीण होता की पहार उसळून हाताला झिणझिण्या येत, हे ते आजही हाताचा पंजा दाखवून सांगतात.

राखीव क्षेत्राचा उपयोग काय, असा प्रश्न आमच्या भागात उघडपणे विचारला जातो आणि त्याला "निसर्ग वाचतो" एवढेच उत्तर पुरत नाही. सांगलीत नळाला पाणी येते आणि उन्हाळ्यातही कृष्णाकाठचा ऊस तगतो, त्यामागे कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा आहे. कोयना धरणाची साठवण 105.25 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि वारणा धरणाची 34.40 टीएमसी, आणि या दोन्ही जलाशयांच्या भोवतीचे डोंगर कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले आहेत. 2010 मध्ये ते मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सह्याद्रीचा मुसळधार पाऊस उघड्या उतारावर पडला, तर माती घेऊन थेट धरणात उतरतो. तोच झाडोऱ्यावर आणि पालापाचोळ्यावर पडला, तर बराचसा मुरतो आणि ओढे पावसाळ्यानंतरही वाहते राहतात. म्हणजे वाघ दिसो वा न दिसो, त्या जंगलाचा लाभ उसाच्या टनेजमध्ये आपण दरवर्षी घेत असतो.

हा लाभ सगळ्यांचा असला, तरी त्याची किंमत मात्र काही मोजक्यांनीच चुकवली. चांदोलीतल्या गावांनी घरेदारे आणि देवळे मागे टाकली आणि सागरेश्वरलगतचा शेतकरी रात्र रात्र राखण करतो. माझा आक्षेप अभयारण्याला नाही, या वाटणीला आहे.

सागरेश्वरची अडचण त्याच्या घडणीतच आहे. क्षेत्र लहान, चोहोबाजूंनी शेती, हरणांची संख्या आटोक्यात ठेवील असा मोठा शिकारी प्राणी नाही. शिवाय त्या काळच्या रीतीप्रमाणे गिरिपुष्पासारखी झटपट वाढणारी परकी झाडेही लागली, ज्यांच्या दाट सावलीत हरणांना हवे ते गवत नीट उगवत नाही. (आमच्याकडे या झाडाला उंदीरमारी म्हणतात, हिरवळीच्या खतासाठी ते उत्तम, हे मान्य.) त्याच काळात तारेबाहेरचे जग बदलले. कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या ताकारी योजनेचे पाणी आले आणि जिथे पूर्वी ज्वारीच्या धसकटांशिवाय उन्हाळ्यात काही नसे, तिथे ऊस आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आत वाळलेले गवत आणि बाहेर बारमाही हिरवळ असेल, तर चितळ फट शोधणारच. अशा वेळी कुंपण आणखी उंच करा, एवढीच मागणी करणाऱ्यांना मी विचारतो, की ओघळाखालची माती दर पावसाळ्यात वाहून जाते, तिचे काय करणार?

माझ्या मते पहिले काम आत करायला हवे. गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने विरळ करून पवन्या, मारवेल यांसारखी स्थानिक गवते वाढवावीत आणि चैत्र-वैशाखात पाणवठे कोरडे पडू देऊ नयेत. दुसरे काम नुकसानभरपाईच्या पंचनाम्याचे. पीक खाल्ल्यापासून तीन दिवसांत अर्ज द्यायचा, मग वनखाते, महसूल आणि कृषी अशा तिन्हींकडची माणसे एकत्र बांधावर यायची. प्रत्यक्षात एक आले तर दुसरे नसतात, आणि तोवर हरभऱ्याला पुन्हा फुटवा येऊन नुकसान निम्मे दिसते. मागच्या वर्षी मामांचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाता जाता सुगी संपली. भरपाईच्या रकमेपेक्षा या हेलपाट्यांनी माणूस अभयारण्याच्या विरोधात जातो. जंगलावर रोष धरणारे गाव भोवती असेल, तर आतल्या चितळांना तारेचा आधार किती पुरणार आहे?

श्रावणी सोमवारी सागरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या आपल्यासारख्या शहरी मंडळींनी देवळे पाहून, हरणांचे फोटो काढून परतताना एकदा त्या तारेच्या कडेने चालून पाहावे, असे मला वाटते. पायवाट आहे, फार लांब नाही.

यंदा मामांनी तारेकडच्या चार ओळींत हरभऱ्याऐवजी करडई टोकली आहे, काट्यांमुळे तिला हरणे सहसा तोंड लावत नाहीत. ओघळाच्या फटीत बाभळीच्या फांद्या कोंबल्या आहेत. तरीही परवा रात्री आतल्या वाफ्यात खुडणी झालीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अर्ज देऊन पोच घेतली. पोचेचा फोटो मला पाठवला आहे, शिक्का नीट दिसतो का ते विचारायला.