‘खिचडी-केंद्र’ या शेऱ्याविषयी

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : अंगणवाडी हे खिचडी-केंद्र आहे, तेथे मुले नुसती खेळतात, दोन वर्षे जाऊनही त्यांना अक्षर लिहिता येत नाही, सेविकांना शिकवण्यात रस नाही, म्हणून अंगणवाड्या बंद करून तो पैसा पालकांना खासगी नर्सरीच्या शुल्कासाठी द्यावा. यामागची चीड समजण्यासारखी आहे. तिच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

खिचडीचा मुद्दा आधी घेऊ. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार आणि लसीकरण यांच्या जोडीने अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण पहिल्यापासून आहे. आहार आणि शिक्षण यांत निवड करायची आहे, असे या योजनेने कधीच मानले नाही. महाराष्ट्रात तर ‘अंगणवाडी’ ही कल्पनाच शिक्षणातून आली. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले वापरून त्यांनी मुलांच्या अंगणातच शाळा भरवली.

‘नुसती खेळतात’ हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो पालकांना सहज पटतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे आणि मनगटाचे स्नायू पेन्सिल धरून ओळीत लिहिण्यासाठी पुरेसे तयार नसतात. मणी ओवणे, माती मळणे, कागद फाडून चिकटवणे ही त्या लिहिण्याचीच पूर्वतयारी असते. बडबडगीतांतील यमकांमुळे शब्दातले आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात, आणि वाचनाला त्याचाच आधार लागतो. पायाभूत स्तरासाठीचा (वय तीन ते आठ) 2022 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळावर उभा आहे तो याच कारणासाठी. त्यामुळे अंगणवाडीला विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे : तेथे मुले ठरवून आणि कुणीतरी सोबत बसून खेळतात, की नुसती बसवून ठेवली जातात?

पुष्कळ ठिकाणी ‘नुसती बसवून ठेवली जातात’ हेच उत्तर येते, हे मान्य केले पाहिजे. मात्र खासगी वर्ग आपोआप चांगले ठरतात असे नाही. शिक्षणाच्या पाहण्या करणारी संस्था असर सेंटर आणि दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ यांनी राजस्थान, आसाम आणि तत्कालीन आंध्र प्रदेशात चार वर्षांच्या सुमारे 14 हजार मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. बालवयाला साजेसे शिक्षण त्यांना अंगणवाड्यांत जसे क्वचित दिसले तसेच खासगी वर्गांतही. फरक इतकाच की खासगी वर्ग बहुधा पहिलीचाच वर्ग खाली ओढून आणल्यासारखे होते, म्हणजे रांगेत बसणे, फळ्यावरचे उतरवणे, घोकणे. भरलेली वही पालकांना दिसते, ऐकलेली गोष्ट दिसत नाही. शुल्क वहीचे मोजले जाते.

सेविकांच्या अनास्थेविषयी. एकाच सेविकेने वजन-उंची घ्यायची, घरपोच आहार वाटायचा, गृहभेटी द्यायच्या, पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी भरायच्या, लसीकरणाच्या दिवशी राबायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे, अशी ही व्यवस्था आहे. मदतनीस असते, पण तिचा वेळ चुलीशी आणि झाडलोटीत जातो. तामिळनाडूत 640 अंगणवाड्यांवर झालेल्या एका प्रयोगात निवडक केंद्रांना केवळ बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली, तेव्हा शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षाने मुलांची भाषा व गणितातील कामगिरी सुधारली आणि मूळ सेविकेला आरोग्याकडे लक्ष देता आल्याने कुपोषणही घटले. सेविका त्याच होत्या. कमतरता वेळेची होती. जागेची कमतरताही खरी आहे : धान्याची पोती, वजनकाटा आणि पंचवीस मुले एका भाड्याच्या खोलीत असतील, तर खेळाचा कोपरा मांडायचा कुठे?

राहिला पैसे वाटण्याचा प्रस्ताव. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता असल्याने त्याआधीच्या मुलांना शाळेच्या हक्काचे ते संरक्षण नाही. धारणी किंवा जव्हारसारख्या आदिवासी भागातल्या दूरच्या पाड्यावर शुल्काचे पैसे हाती पडले, तरी नर्सरी कुठून येणार? गरोदर माता आणि तीन वर्षांखालील बाळे तर नर्सरीच्या हिशेबातच नाहीत. शिवाय तेथे अंगणवाडी बंद झाली, तर धाकट्याला सांभाळायला शाळेतून घरी बसवली जाईल ती त्याची आठ वर्षांची बहीण.