'गेट म्हणजे मिळणे' एवढंच शिकवून थांबू नका

इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती. फळ्यावर 'गेट = मिळणे' लिहून पुढच्या शब्दाकडे वळू नका. मराठी माध्यमातली हुशार मुलंसुद्धा कॉलेजात गेल्यावर या क्रियापदापाशी अडखळतात, त्याचं मूळ बरेचदा त्या एका ओळीत असतं.

'गेट'चा अर्थ पुढे काय येतं त्यावर ठरतो. पुढे वस्तू आली तर मिळणे किंवा आणणे: 'गेट मी सम वॉटर', मला पाणी आण. ठिकाण आलं तर पोहोचणे: 'वी गॉट टू पुणे ॲट नाइन'. 'होम'आधी मात्र 'टू' नको, नुसतं 'गॉट होम'. विशेषण आलं तर होणे: 'इट्स गेटिंग डार्क', अंधार पडतोय.

'आय ॲम गेटिंग बोअर' सर्रास ऐकू येतं. तिथे 'बोअर्ड' हवं, कारण 'बोअर' हे नाम म्हणून कंटाळवाण्या माणसाला लावतात. शेवटचा 'ड' बोलताना पुसट होतो, कानाला चूक कळत नाही, म्हणून हे लिहूनच दाखवावं लागतं. 'गॉट मॅरीड विथ' हीसुद्धा आपली खास चूक. आपल्याकडे लग्न कुणा'शी' होतं म्हणून 'विथ' येतं, इंग्रजीत 'टू'.

सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो वेगळ्याच वापराला, आणि नेमका तोच वर्गात राहून जातो. 'काल केस कापले' म्हटलं की कात्री न्हाव्याच्या हातात होती हे आपल्याला न सांगता कळतं. पण 'आय कट माय हेअर' ऐकून इंग्रज समजणार, यानं स्वतःच कापले. म्हणायला हवं 'आय गॉट माय हेअर कट'. आधी 'गॉट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काम करणारा माणूस सांगायचा असेल तर 'टू' लागतो: 'आय गॉट हिम टू साइन'. 'मेक' वापरलं की 'टू' गळतो, 'आय मेड हिम साइन', आणि अर्थात सक्ती येते. 'गॉट'मध्ये समजावून, मनधरणी करून सही घेतल्याची छटा आहे. मराठीत 'करवून घेणे' आहेच. तिथून सुरुवात केलीत तर मुलांना पटकन उमगतं.

'आय गॉट टू सी इट' म्हणजे मला ते बघायला मिळालं, अगदी मराठीसारखंच. पण 'आयव्ह गॉट टू गो' म्हणजे मला जायलाच हवं. फरक त्या 'व्ह'चा, आणि भराभर बोलताना तो गिळला जातो. मग संदर्भावरूनच ओळखायचं.

'आयव्ह गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. गाडी मिळाली, घेतली असं सांगायला अमेरिकन माणूस 'आयव्ह गॉटन अ कार' म्हणतो. आपल्या ब्रिटिश वळणाच्या शिकवण्यात 'गॉटन' सहसा येत नाही, म्हणून ते चूक ठरवू नका.

औपचारिक पत्रात मात्र 'रिसीव्ह', 'बिकम', 'ऑब्टेन' यांतला नेमका शब्द लिहायला लावा. बोलताना ही सूट द्या, कारण घरगुती गप्पांत 'ऑब्टेन' फार अवघडल्यासारखं वाटतं.