कवडीचं ते कोष्टक ना प्राचीन, ना पक्कं

तीन फुटक्या कवड्यांची एक कवडी, दहा कवड्यांची दमडी, दोन दमड्यांचा धेला, दीड पैचाही धेला, तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. ‘हीच आपली प्राचीन, शुद्ध स्वदेशी चलनपद्धती, मुलांना शिकवा’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. मुलांना शिकवायचंच, तर खरं शिकवू या.

‘प्राचीन’: रुपया चांदीच्या ठरावीक वजनाचा केला शेरशाह सूरीनं, सोळाव्या शतकात. अकबराच्या काळी 40 दामांचा (दाम म्हणजे तांब्याचं नाणं) रुपया होता आणि दामाचा आठवा हिस्सा दमडी, म्हणजे रुपयाला 320 दमड्या. मेसेजच्या हिशेबात 256 येतात. रुपयाच्या 64 पैसे आणि 192 पै ही रचना देशभर पक्की झाली ती कंपनी सरकारच्या आमदानीत, 1835च्या कायद्यानंतर.

‘तीन फुटक्या कवड्या’: बंगालच्या हिशेबात कवडीचा तिसरा हिस्सा, त्याला ‘क्रांती’ म्हणत, असा अंश होता खरा, पण तो वहीतला. फुटक्या कवडीचं चलन नव्हतं. कुणाला काहीच द्यायचं नसतं, तेव्हाच आपण तिचं नाव घेतो.

‘स्वदेशी’: चलनातली कवडी मुख्यतः मालदीवची. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथं राहिला. बेटावरचे लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेतात, हे त्यानं लिहून ठेवलं आणि पुढे हीच कवडी त्याला आफ्रिकेत माली राज्यातही चलनात दिसली. नंतर युरोपीय व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून माणसं गुलाम म्हणून विकत घेतली. कवडीचा अभिमान मिरवताना हा इतिहास गाळणं मला पटत नाही.

आता सर्वांत मोठी चूक: ‘दहा कवड्यांची दमडी’, म्हणजे रुपयाला कायम 2560 कवड्या. असा कायमचा भाव कधीच नव्हता. बंगालमध्ये चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा ‘पण’, सोळा पणांचा काहण. हे मोजमाप पक्कं, पण काहणाची चांदीतली किंमत हलती. 1740च्या सुमारास रुपयाला 2400 कवड्या मिळत, 1845च्या सुमारास 6500. 1778च्या आसपास सिल्हेटचा (आज बांगलादेशात) कंपनीचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे अडीच लाख रुपयांचा महसूल कवड्यांत घेत होता, रुपयाला 5120 या दरानं. त्या साठवायला कोठारं लागत आणि होड्यांचा ताफा भरून त्या ढाक्याला जात. या खटाटोपात दहा टक्के घट यायची, वाटेतली चोरी वेगळीच.

भाव पडला की मार बसे तो ज्याची मजुरी आणि बाजार कवड्यांत चाले त्याला. ओडिशात कंपनीनं शेतसारा चांदीच्या रुपयांतच मागायला सुरुवात केली, कवडीचा भाव कोसळला आणि तोच सारा भरायला रयतेला कितीतरी जास्त कवड्या मोजाव्या लागल्या. 1817 मध्ये ओडिशातल्या खुर्द्याचे पाईक, म्हणजे तिथले शिपाई, कंपनीविरुद्ध उठले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.