पिवळं फूल दिसलं म्हणून ते जवस होत नाही

गेल्या आठवड्यात मावशीनं एक स्टीलची डबी माझ्यापुढे सरकवली. "रानजवस आहे रे. भाजून चटणी करणार, गुडघ्यांना चांगलं." मी चिमूटभर बी तळहातावर घेतलं. गुळगुळीत, पत्त्यांतल्या बदामासारखं, एका बाजूला खाच. जवस असं नसतंच. ते चपटं, लांबट, एका टोकाला निमुळतं असतं. शेंग कशी होती विचारलं, तर म्हणाली, "फुगीर. हलवली की वाजायची." ते खुळखुळा नावाच्या रानझाडाचं बी होतं. आणि हे खायचं तिच्या डोक्यात आलं ते एका फिरत्या मेसेजमुळे.

मेसेज असा: संस्कृतातली खरी अतसी, म्हणजे जवस, पिवळ्या फुलांची, निळं जवस इंग्रजांनी आणलं. पाच पिवळ्या पाकळ्या दिसल्या की रानजवस समजा, सगळे प्रकार एकच. बाजारातलं सोनेरी जवस याचंच बी. ते शेतातल्या जवसाइतकंच, किंबहुना जास्त गुणकारी, बिनधास्त खा.

निळं जवस इंग्रजांचं? कृष्णाष्टकात कृष्णाच्या सावळ्या वर्णाला 'अतसीपुष्पसंकाश', म्हणजे अतसीच्या फुलासारखा, म्हटलंय. पिवळ्या फुलाची उपमा कुणी सावळ्या कृष्णाला देईल का? जवसाचा रानटी पूर्वज लिनम बिएन. तोही फिकट निळा, आणि दोघांची गुणसूत्रंही तीसच. पश्चिम आशियात माणसानं जवस लावायला घेतलं त्याला हजारो वर्षं झाली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. बंगालीत 'अतशी' म्हणजे पिवळ्या फुलांचा खुळखुळा. त्यामुळे 'पिवळी अतसी' हे शब्द मेसेज लिहिणाऱ्यानं हवेतून आणलेले नाहीत. पण दोन भाषांत एकच नाव दोन झाडांना आहे, आणि त्यातलं एक जवसाच्या कुळातलं नाहीच, ते वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातलं आहे. नेमकं तेच मावशीच्या डबीत होतं.

माझा खरा संताप 'बिनधास्त खा'वर आहे. खुळखुळ्याच्या अनेक जातींच्या बियांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स नावाची विषारी द्रव्यं असतात. ती यकृतातल्या बारीक शिरा बंद करतात, पोटात पाणी साठतं. सत्तरच्या दशकात आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गोंदली नावाच्या बारीक धान्यात खुळखुळ्याचं बी मिसळलं गेलं आणि ते खाणारी माणसं अशीच आजारी पडली, कित्येक दगावली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1976 साली त्यावर लेख आला. तिथल्या लोकांनी औषध म्हणून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं, रोजच्या धान्यातून ते पोटात गेलं होतं. इथे तर मेसेज वाचून लोक बी गोळा करून डबीत भरतायत! आणि भाजलं-शिजवलं की हे विष जाईल, असं समजू नका.

समजा मावशीनं खरंच पिवळ्या जवसाचं बी आणलं असतं, तरी 'जवसाचा भाऊ, म्हणून खाण्याजोगा' हे गणित चुकतंच. लिनम फ्लेवम हे युरोपातलं पिवळं जवस आपल्या जवसाच्याच प्रजातीतलं, म्हणजे लिनममधलं. त्यात पोडोफायलोटॉक्सिनच्या जातीची द्रव्यं सापडतात. ही पेशींची वाढ थांबवणारी द्रव्यं आहेत, म्हणून त्यांचा उपयोग कर्करोगावरच्या औषधांच्या संशोधनात होतो. आपल्याकडच्या पिवळ्या जवसात ती आहेत असं मी म्हणत नाही. नात्यावरून ताटात काही वाढायचं नसतं, एवढंच म्हणतोय.

आता 'सगळे प्रकार एकच'. मेसेजमधला फोटो मोठा करून बघा. रुंद पानं, झुडपासारखी वाढ, चांगली मोठी फुलं. ही राइनवार्डशिया इंडिका, उत्तराखंडातली फ्यूंली. चैत्रात तिथली मुलं फूलदेईच्या सणाला ही फुलं दारादारात ठेवतात. तीही जवसाच्याच कुळातली, पण प्रजात वेगळी. जुन्या पुस्तकांत तिला लिनम ट्रायगायनम म्हटलेलं आढळतं, आणि भूमध्य समुद्राकाठच्या एका चिमुकल्या पिवळ्या जवसाचंही नाव तेच आहे. त्या नावानं शोधलं की दोन्हींचे फोटो एकत्र येतात. गोंधळ तिथूनही होतो.

आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गवतात, पावसाळा सरताना दिसते ती उंद्री, लिनम मायसुरेन्स. वीतभर उंचीचं वर्षायू रोप, सुतळीसारखी बारीक खोडं, अरुंद पानं, नखापेक्षा लहान पिवळी फुलं. खाली वाकून बघितल्याशिवाय ती सापडत नाही. पंजाब आणि पश्चिम हिमालयाकडे लिनम स्ट्रिक्टम असतं. तेही पिवळंच, पण ताठ, आणि पानाच्या कडेवरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं.

पाकळ्या पाच असतात, हे खरं. पण पाच पाकळ्या आंबुशीलाही असतात. म्हणून भिंग घ्या आणि पुंकेसर मोजा. जवसात पूर्ण वाढलेले पाच असतात, आंबुशीत दहा. मग मधले स्त्रीकेसराचे धागे मोजा. उंद्रीत पाच, फ्यूंलीत बहुधा तीन किंवा चार. फूल गळून गेलं असेल तर फळ बघा. जवसाचं गोल बोंड आत दहा कप्प्यांचं, कप्प्यात एकच बी. खुळखुळ्याची लांबट शेंग. फूल तर वाटाण्यासारखंच, झेंडा-पंखवालं. त्याला पाच सारख्या पाकळ्यांचं फूल म्हणताच येत नाही.

सोनेरी जवसाचं उत्तर एका ओळीचं. ती शेतातल्या निळ्या जवसाचीच वाणं, फक्त बियांचा रंग पिवळा. फुलाच्या पिवळेपणाशी त्याचा संबंध नाही.

आणि सड्यावरची उंद्री कृपा करून ओरबाडू नका. वर्षायू रोप आहे. एका बोंडात जास्तीत जास्त दहा बिया, आणि पुढच्या वर्षीची रोपं त्यांतूनच यायची.

मावशीनं डबी तेव्हाच रिकामी केली. तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मी दोन फोटो टाकायला लावले, जवसाच्या बोंडाचा आणि खुळखुळ्याच्या शेंगेचा. रात्री दोघींचे फोन आले. एकीनं तर बी कुटून पिठात मिसळलं होतं.