‘पाच हजारांत हॅम्परचा धंदा’ : मेसेज पुढे पाठवण्याआधी हिशेब तरी करा

दिवाळी जवळ आली की हा मेसेज उगवतोच. ‘फक्त 5,000 रुपयांत घरबसल्या गिफ्ट हॅम्परचा व्यवसाय! परवाना नको, दुकान नको. 500 चं हॅम्पर 1,000 ला विका, शंभर टक्के नफा! 80 रुपयांत कुरियरने देशभर पाठवा. दिवाळीत 50,000 नक्की.’ यंदा तो माझ्या धाकट्या जावेला भिशीच्या ग्रुपवर आला. तिने विचारलं, “ताई, या महिन्याची भिशी मला लागलीय, लावू का पैसे यात?” म्हणून हे लिहायला बसले.

‘परवाना नको’ कशामुळे, तर म्हणे हॅम्परमधले खाण्याचे पदार्थ आपण बनवत नाही, नुसते पॅक करतो. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातली ‘अन्न व्यवसाया’ची व्याख्या कोणी वाचलीच नाही. पॅकिंग, साठवण, वाहतूक, विक्री सगळं तीत येतं. बरं, 2011 च्या नियमांत छोट्या व्यावसायिकाच्या नोंदणीची फी ठरली ती वर्षाला 100 रुपये. शंभर रुपयांसाठी बायकांना नियमाबाहेर धंदा करायला लावायचा, ही कसली बचत? आणि मोठं पाकीट फोडून बदाम छोट्या पाऊचमध्ये भरलेत की पॅकर तुम्हीच. नाव, पत्ता, वजन, तारीख, किंमत पाऊचवर छापणं आलं.

‘शंभर टक्के नफा’ तर कागदावरच. 500 हा फक्त आतल्या मालाचा आकडा. टोपली, जिलेटीन पेपर, रिबन, तळाला भरायचा कागदाचा चुरा, ग्लू गनच्या कांड्या, टॅग हे कोणी मोजायचं? तुमच्या मजुरीचं तर नावच नाही. शिवाय चॉकलेट-बिस्किटांवर एमआरपी छापलेली असते. ती ओलांडून विकता येत नाही आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात बेरीज करतंच. माल होलसेलमध्ये घ्यायला मुंबईत मशीद बंदरला किंवा पुण्यात रविवार पेठेत गेलात, तर चार-सहा नग कोण देणार? तिथे बॉक्सच्या हिशेबाने घ्यावं लागतं. पाच हजार तिथेच संपले.

पण मला खरा राग आला तो ‘80 रुपयांत देशभर’ वाचून. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही टोपली कुरियरच्या काउंटरवर ठेवलेली नाही. कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारण 5,000 ने भागायचं. 40 बाय 30 बाय 25 चा खोका धरा. गुणाकार 30,000, म्हणजे सहा किलो. आत माल दीड किलोचा, बाकी हवा आणि रिबन. पैसे मात्र सहा किलोचे.

एवढ्यावर संपत नाही. मालाचा धंदा वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात खरं आहे. पण नाशिकहून एक हॅम्पर बंगळुरूला विकलंत की जीएसटी कायद्याचं कलम 24 लागतं: राज्याबाहेर माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. (हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, चॉकलेटच्या टोपलीला नाही.) मग पुढचा घोळ. जीएसटी कायद्यात ‘मिश्र पुरवठ्या’चं उदाहरण चक्क हॅम्परचंच दिलंय: डबाबंद खाद्यपदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, सोडायुक्त पेयं आणि फळांचे रस एका पॅकमध्ये, एकाच किमतीला. अशा पॅकमधल्या ज्या वस्तूचा दर सगळ्यात जास्त, तो अख्ख्या पॅकला लागतो. सप्टेंबर 2025 पासून सुकामेव्यावर 5 टक्के आणि सोडायुक्त गोड पेयांवर 40 टक्के आहेत. शोभेला एक कोल्ड्रिंकची बाटली खोचलीत, तर बदामांवरही 40 टक्के! ‘देशभर पाठवा’ म्हणणाऱ्याने यातलं अक्षरही लिहिलेलं नाही. मेसेजच्या तळाशी 1,999 रुपयांच्या ऑनलाइन क्लासची लिंक मात्र न विसरता दिलीय.

‘50,000 नक्की’वर काय बोलायचं? भाऊबीज झाली की हॅम्परला कोणी विचारत नाही. उरलेला चिवडा खवट होतो, चॉकलेट ऑक्टोबरच्या उन्हात पांढरट पडलेलं असतं. कंपन्यांच्या ऑर्डरी मिळाल्याच, तर पैसे महिना-दीड महिन्याने. तोवर माल तुमच्या खिशातून.

पाच हजारांत सुरुवात होतच नाही असं मी म्हणणार नाही. होते, पण ती अशी: सोसायटीत आणि ओळखीत आधी ऑर्डर घ्यायची, अर्धे पैसे आगाऊ, मग माल. टोपल्या बुरूड आळीतून लागतील तेवढ्याच आणायच्या. नावाचे बॉक्स छापून घ्यायचे नाहीत, कारण छापखानेवाला शे-दोनशेच्या खाली बोलत नाही, स्टिकरवर भागतं. डिलिव्हरी स्वतः करायची. आणि यात पहिल्या दिवाळीला जे सुटतं, त्यात क्लासची फीसुद्धा निघेल की नाही, शंकाच आहे.