दातांची रात्रपाळी

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. त्यामुळे तो कटकट वाजायला लागला की आवाज थेट मालकाच्या डोक्यात. मी आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान निर्दोष सुटले आणि प्रकरण दातांच्या डॉक्टरांकडे वर्ग झालं.

"झोपेत दात खाता का?"

"छे!" मी म्हणालो. शेजारी बसलेल्या बायकोनं इतक्या जोरात मान डोलावली, की आता हिच्या मानेचं बघावं लागणार असं वाटलं.

माप घेऊन स्प्लिंट, म्हणजे दातांवर चढवायचं कवच, आली. कडक, पारदर्शक ॲक्रिलिकची, वरच्या सगळ्या दातांवर बसणारी. रोज रात्री लावायची. किती दिवस? "बघू," डॉक्टर म्हणाले. वर्षं उलटली, आम्ही अजून बघतोच आहोत.

स्प्लिंट तोंडात गेली की आधी लाळ सुटते आणि मग 'स', 'श' हाताबाहेर जातात. हे ओळखून बायको महत्त्वाचे विषय त्यानंतरच काढते. मी बाजू मांडायला लागलो की म्हणते, "आधी ते काढून बोल." काढून, गार पाण्यानं धुऊन (गरम पाण्यानं ती वाकडी होते), डबीत ठेवून परत येईपर्यंत ती घोरत असते.

माझी समजूत होती की हिनं दात खाणं थांबेल. डॉक्टरांनी स्प्लिंट उजेडात धरून तिच्यावरचे ओरखडे दाखवले. खाणं जोरात चालू होतं. फक्त दातांऐवजी ॲक्रिलिक झिजत होतं. मग दातांत निळा कागद धरून "चावा, आता बाजूला घासा". स्प्लिंटवर निळे डाग उमटले तिथे डॉक्टर ती तासणार. सांध्याचा आवाज? "दुखत नाही ना? मग वाजू दे."

एका मित्रानं फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी स्प्लिंट सुचवली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, तशी महिनोन्महिने लावली तर मागचे दात हळूहळू वर येऊ शकतात, आणि मग ती काढल्यावरही पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. मी मुकाट्यानं मोठीवरच राहिलो. तरी सकाळी ती काढल्यावर थोडा वेळ वरचे आणि खालचे दात अनोळखी असल्यासारखे वागतात. चहा होईपर्यंत जुळतं त्यांचं.

दिवसाचा नियम वेगळा: ओठ मिटलेले, दात सुटे. खाण्या-गिळण्याखेरीज दातांनी एकमेकांना भेटायचंच नाही म्हणे! हे कळल्यापासून मला दुसऱ्यांचेच जबडे दिसतात. परवा मीटिंगमध्ये साहेबांच्या गालामागचा स्नायू एकसारखा फुगत होता. सांगावंसं फार वाटलं, पण ते माझाच रिपोर्ट वाचत होते.