"फक्त ५५ जणांवर टेस्ट केलेली कॅन्सरची गोळी": त्या फॉरवर्डचं काय करायचं

एक मेसेज जोरात फिरतोय. लॅरोट्रेक्टिनिब ही कॅन्सरची गोळी म्हणे फक्त ५५ पेशंटवर टेस्ट करून मंजूर केली, तुलनेला दुसरा ग्रुपच नव्हता, १७ प्रकारचे कॅन्सर एकत्र कालवून ७५ टक्के लोकांना फायदा असा आकडा काढला, त्यामुळे जीन टेस्टच्या (कॅन्सरच्या गाठीतल्या जीनमध्ये अशा गोळ्या चालतील असा बदल आहे का, ते बघणारी टेस्ट) नादी लागू नका. यातले आकडे खरे आहेत बरं का, म्हणूनच लोकांना पटतं.

आधी ते ५५. ही गोळी चालते ती एनटीआरके जीन तुटून भलत्याच जीनला जोडला गेला असेल तरच, आणि असे पेशंट सगळे गाठींचे कॅन्सर धरून १ टक्क्याहूनही कमी. हजार जणांची ट्रायल पाहिजे म्हणाल तर आधी लाखाच्या वर लोक तपासा, आणि तोवर जे सापडलेत त्यांनी काय करायचं? हे ५५ सुद्धा तीन ट्रायल मिळून जमले, सगळ्यात लहान ४ महिन्यांचं बाळ, सगळ्यात मोठा पेशंट ७६ वर्षांचा.

दुसरा ग्रुप नव्हता, कबूल. पण मोजलं काय ते बघा ना, "बरं वाटतंय का" असं नाही विचारलं, स्कॅनवर गाठींची मापं घेतली आणि निदान ३० टक्के आकसल्या तरच धरलं. पसरलेला कॅन्सर आपोआप एवढा आकसल्याची उदाहरणं अगदी विरळ, इथे चारातल्या तिघांचा आकसला. आयुष्य नेमकं किती वाढलं हे मात्र अशा ट्रायलमधून नीट कळत नाही, तिथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क. आणि पेशंट पुरेसे मिळतात तिथे तुलना करतातच, एएलके नावाच्या जीनमध्ये बदल असलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ३४३ जणांवर क्रिझोटिनिब ही गोळी विरुद्ध केमो अशी ट्रायल झाली, गोळीवर निम्म्या लोकांचा आजार निदान १०.९ महिने आटोक्यात राहिला, केमोवर ७.

आता "कालवले". हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण वेगवेगळे कॅन्सर एका ट्रायलमध्ये घेतात ते आकडा फुगवायला नाही, उलट गोळी कुठे फेल जाते तेही त्यातच उघडं पडतं. बीआरएएफ या दुसऱ्या जीनचं बघा. त्यात व्ही६००ई हा बदल असलेल्या मेलानोमात (त्वचेचा एक कॅन्सर) तो जीन अडवणारी वेमुराफेनिब ही गोळी चालली, मग २०१५ च्या ट्रायलमध्ये तोच बदल असलेले बाकीचे कॅन्सर घेतले तर फुफ्फुसात ४२ टक्के लोकांना फायदा आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एकट्या गोळीने एकालाही नाही! कारण आतड्याच्या पेशी बीआरएएफ बंद पडला की ईजीएफआर या दुसऱ्या प्रोटीनच्या वाटेने वाढीचा सिग्नल परत चालू करतात, म्हणून तिथे आता दोन्ही वाटा अडवणारी औषधं जोडीने देतात. एनटीआरकेत असं झालं नाही, पण हे ट्रायल केल्याशिवाय कळणार कसं?

राहिलं जीन टेस्टचं. प्रत्येकाने करावी असं नाही, कॅन्सर कुठला, कुठल्या स्टेजला यावर डॉक्टर ठरवतात. पण फुफ्फुसाचा पसरलेला अडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर केमो सुरू व्हायच्या आधीच या टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.